फोल्डिंग सायकल, रेल्वे आणि ट्रियरचं रोमन शहर

प्रश्न असा आहे: फ्रँकफर्टजवळ राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने दोन फोल्डिंग सायकली घेतल्या आहेत, एक १६ इंची ब्रॉम्प्टन आणि एक २० इंची टर्न. एप्रिलमधल्या एका शनिवार-रविवारी त्या घेऊन रेल्वेने ट्रियरला जायचं आहे. २० इंची सायकल गाडीत अडवतील का, रोमन अवशेष पाहायला दोन दिवस पुरतील का, आणि परतताना मोझेल नदीच्या काठाने कोब्लेन्त्सपर्यंत सायकलनेच येता येईल का?

जरूर जा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सगळा बेत त्यावर ठरतो. कोब्लेन्त्स ते ट्रियर रेल्वेने साधारण ११२ किमी आहे. मोझेल मात्र इतकी वळणं घेते की काठाकाठाने तेच अंतर १९० किमीच्या वर जातं. दोन दिवसांत शहरही पाहायचं आणि एवढं अंतरही कापायचं, तर दोन्ही अर्धवट होईल. आणि तशी गरजही नाही. फोल्डिंग सायकलचं खरं सामर्थ्य अंतरात नसून एकाच दिशेने जाता येण्यात आहे. भाड्याची सायकल परत करायला जिथून निघालो तिथे यावंच लागतं. मोठी सायकल असली की परतीच्या गाडीत तिला जागा मिळेल की नाही, ही चिंता दिवसभर डोक्यात राहते. तुमच्याकडे घडी होणारी सायकल आहे, म्हणजे पाऊस येईल, पाय बोलायला लागतील किंवा एखाद्या गावात रमल्यामुळे उशीर होईल, तिथलं जवळचं स्टेशन गाठायचं, घडी घालायची आणि बसायचं. त्यामुळे फेऱ्या आखू नका, एकतर्फी तुकडे आखा. ट्रियर हे या पद्धतीसाठी जर्मनीतलं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं ठिकाण आहे, कारण इथलं रोम फक्त शहरात नाही, नदीच्या दोन्ही काठांवर विखुरलेलं आहे.

आता गाडीचं. जर्मन रेल्वेत घडी घातलेली फोल्डिंग सायकल हातातलं सामान धरली जाते. तिकीट नाही, आरक्षण नाही, आयसीई या अतिवेगवान गाडीतसुद्धा नाही. २० इंची चालते, काळजी करू नका. अडचण नियमाची नसते, जागेची असते. ब्रॉम्प्टनची घडी साधारण ६५ × ५९ × २७ सेंमी होते. पाठीला पाठ लावलेल्या दोन सीटांमध्ये जी तिरकी पोकळी असते, तिच्यात ती जाते. टर्नची घडी ८० सेंमीच्या आसपास लांब आणि चांगली रुंद असते, ती तिथे क्वचितच मावते. तिच्यासाठी डब्याच्या टोकाची किंवा मधली सामानाची मांडणी, तळचा कप्पा. म्हणून ज्याच्याकडे टर्न आहे त्याने आधी चढावं. डोक्यावरच्या फळीवर कुठलीही सायकल ठेवू नका. दहा-बारा किलोचं धूड ब्रेक लागल्यावर कोणाच्या डोक्यात पडेल हे सांगता येत नाही.

एक पातळ नायलॉनची पिशवी मात्र बाळगा. इथे सक्ती नसली तरी फ्रान्समध्ये गेलात तर लागेल, आणि मुख्य म्हणजे चेनचं काळं शेजारच्याच्या पँटला लागत नाही. आयकियाची डिम्पा नावाची स्वस्त, मोठी, अर्धपारदर्शक पिशवी ब्रॉम्प्टनवाल्यांमध्ये याच कामासाठी प्रसिद्ध आहे. तिची घडी करून सीटखाली बांधता येते.

घडी गाडी यायच्या आधी, प्लॅटफॉर्मवर घाला. गाडी समोर उभी राहिल्यावर खटके उघडत बसलात की दारात गर्दी होते आणि घाईत ब्रेकची वायर चिमटते. जाणकार माणूस गाडीची सूचना ऐकू आली की शांतपणे घडी घालतो, पॅडल आत वळवतो, पिशवी चढवतो आणि जिथे डबा येणार तिथे जाऊन उभा राहतो.

फ्रँकफर्टहून तुम्हाला वेगवान गाडीची गरज नाही. आरई २ ही प्रादेशिक गाडी माइन्त्स, बिंगेनमार्गे ऱ्हाइनच्या डाव्या काठाने कोब्लेन्त्सला जाते, तिथून आरई १ तासाला एक या हिशोबाने ट्रियरला. बदलाबदलीसकट साडेतीन-चार तास धरा. दोन्ही गाड्या डॉइचलांड टिकिटात येतात. हे मासिक वर्गणीचं तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं आहे. तुमच्याकडे ते असेल, तर या सहलीचा प्रवासखर्च जवळपास शून्य.

कोब्लेन्त्सला एक गोष्ट नीट बघा. ट्रियरकडे जाणारी गाडी बहुतेक वेळा दोन गाड्या जोडून बनलेली असते: एक लाल-पांढरी एकमजली, दुसरी लक्झेंबर्ग रेल्वेची दुमजली. ट्रियरला त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात. एकमजली जारब्रुकनकडे जाते, दुमजली लक्झेंबर्गला. ट्रियरलाच उतरणार असाल तर कुठेही बसा. दुसऱ्या दिवशी थेट सरहद्दीपर्यंत जायचं असेल तर फलक वाचूनच चढा. आणि कोब्लेन्त्सहून निघताना डावीकडची खिडकी धरा. कोखेमपर्यंत नदी त्याच बाजूला आहे. कोखेमनंतर ४,२०५ मीटरचा कैसर विल्हेल्म बोगदा लागतो, तो संपल्यावर गाडी नदी ओलांडते, बुलायजवळ पुन्हा ओलांडते. हा दुसरा पूल दुमजली आहे: वर रेल्वे, खाली मोटारींचा रस्ता. लगेच पुढे प्युंडेरिशजवळ डोंगराच्या कडेने ९२ कमानींचा, ७८६ मीटर लांब पूल आहे. इथून रेल्वे नदीला सोडून व्हिटलिशच्या सपाटीतून जाते आणि श्वाइशजवळ पुन्हा तिच्याजवळ येते. हे लक्षात ठेवा, कारण मधल्या पट्ट्यात, बुलायहून ट्राबेन-ट्रारबाखला जाणारी छोटी शाखा सोडली तर, नदीकाठाला रेल्वे स्टेशन नाही. त्याचा संबंध पुढे येईल.

ट्रियर स्टेशनाबाहेर पडलात की सरळ समोरच्या रस्त्याने दहा मिनिटं चाला. पोर्टा नीग्रा. शहराच्या तटाचा उत्तरेचा दरवाजा, जवळजवळ ३० मीटर उंच. पायाजवळ सापडलेल्या लाकडाच्या वर्तुळांवरून ते झाड इसवी सन १६९-१७० च्या हिवाळ्यात तोडलेलं होतं असं निघालं, म्हणजे बांधकामाची सुरुवात तेव्हाची. सहा टनांपर्यंतचे वालुकाश्म चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले, फक्त लोखंडी आकड्यांनी जोडून शिशाने पक्के केलेले. जवळ जाऊन दगडांच्या सांध्यांकडे बघा: ओबडधोबड खड्डे दिसतील. मध्ययुगात लोखंड-शिसं काढून न्यायला लोकांनी पाडलेली ती भोकं आहेत. शहराचे बाकीचे तीन दरवाजे दगडांसाठी पाडले गेले. हा वाचला, कारण अकराव्या शतकात सिमेऑन नावाचा ग्रीक साधू त्यात स्वतःला कोंडून घेऊन राहिला, १०३५ मध्ये तिथेच वारला आणि त्याच्या नावाने दरवाजाचंच चर्च झालं. १८०४ मध्ये नेपोलियनने चर्चचा भाग काढून टाकायचा हुकूम दिला आणि रोमन दरवाजा मोकळा झाला.

शहरातलं रोम पायी पाहा, हे आग्रहाने सांगते. पोर्टा नीग्रापासून बाजारचौक, तिथून रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा दरबार, त्यापुढे शाही स्नानगृह, सगळं एकमेकांपासून चालत दहा-दहा मिनिटांवर आहे. बराच भाग पादचाऱ्यांचा आहे, दगडी फरशीचा आहे, आणि लहान चाकांना तो हाडं खिळखिळी करणारा आहे. सायकली आधी हॉटेलवर ठेवून या. फोल्डिंग सायकल असेल तर खोलीत नेऊ देतात का हे बुकिंग करतानाच विचारा, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. बाहेर कुलूप लावून रात्रभर ठेवू नका. हलकी, महाग आणि उचलून नेण्याजोगी वस्तू आहे ती.

कॉन्स्टंटाइनच्या दरबारात नक्की जा. ६७ मीटर लांब, २७ रुंद, ३३ उंच, आणि आत एकही खांब नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ट्रियर ही पश्चिमेकडच्या रोमन सम्राटांची राजधानी होती, आणि राजासमोर उभं राहणाऱ्याला आपण किती छोटे आहोत हे कळावं यासाठीच ही रिकामी जागा बांधली. आज तिथे प्रोटेस्टंट चर्च आहे. शाही स्नानगृहाच्या खाली नोकरांसाठी भुयारं आहेत, त्यांतून फिरता येतं. एवढं मोठं काम करूनही त्याचा स्नानगृह म्हणून वापर कधी झालाच नाही. वेळ कमी पडला तर स्नानगृहांपैकी हे एकच बघा. अँफिथिएटर थोडं लांब, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी आहे, तिथे सायकलने गेलं तर बरं.

शनिवारची दुपार मात्र राइनिशेस लांडेसम्युझियमसाठी राखा. सोमवारी ते बंद असतं, तुमचा शनिवार-रविवार असल्याने प्रश्न नाही. १९९३ मध्ये शहरातल्या एका बांधकामावर सापडलेली अडीच हजारांहून अधिक रोमन सोन्याची नाणी तिथे आहेत, वजन साडेअठरा किलो. पण मी तुम्हाला तिथे पाठवते ती दोन दगडांसाठी. एक, नॉयमागेन गावात १८७८ मध्ये सापडलेलं द्राक्षारसाचं जहाज: एका व्यापाऱ्याच्या थडग्यावरचं, इसवी सन २२० च्या आसपासचं, पिंपांनी भरलेलं, वल्ह्यांच्या रांगा असलेलं. दोन, अंगणात उभी असलेली, जवळच्या ईगेल गावातल्या रोमन स्तंभाची रंगीत प्रतिकृती. मूळ स्तंभ दुसऱ्या दिवशी बघायचा आहे आणि त्यावरची चित्रं झिजली आहेत. आधी रंगीत प्रत पाहिली असेल तर मूळ दगडावरचा प्रत्येक हात, प्रत्येक गाठोडं ओळखू येतं. क्रम उलटा केलात तर अर्धी मजा जाते.

रविवारी सकाळी ईगेल. शहरातून रोमन पुलाकडे या आणि तो सायकलनेच ओलांडा. या जागी पहिला पूल इसवी सनापूर्वी १८-१७ मध्ये लाकडाचा होता. आजचे काळे खांब दुसऱ्या शतकातले, आयफेल डोंगरातल्या बेसाल्टचे. वरच्या कमानी अठराव्या शतकातल्या. त्यावरून आजही बस-मोटारी जातात. पूल ओलांडून लगेच नदीच्या काठाला उतरा आणि प्रवाहाच्या उलट, डाव्या काठाने निघा. मार्ग सपाट आणि डांबरी आहे, खुणा जागोजागी आहेत. साधारण नऊ किमीवर ईगेल गाव.

गावाच्या मुख्य रस्त्यालगत, घरांच्या मधोमध २३ मीटरचा वालुकाश्माचा स्तंभ उभा आहे. सेकुंडिनी नावाच्या कापड व्यापाऱ्यांच्या कुटुंबाने साधारण इसवी सन २५० मध्ये बांधलेलं हे थडग्याचं स्मारक. सायकल भिंतीला टेकवा आणि चारही बाजूंनी फिरा. नमुना म्हणून ताणून धरलेलं कापड आहे. दोरखंडाने बांधलेले गठ्ठे आहेत. कुळं पैसे, कोंबडी, मासे घेऊन मालकाकडे आलेली आहेत. स्वयंपाकघर आहे, जेवणाची पंगत आहे. आणि पायथ्याशी कमरेत वाकलेली माणसं काठावरून दोर ओढत मालाची नाव नदीतून वर खेचत आहेत. तुम्ही नुकतेच ज्या काठाने आलात, तोच हा काठ. सेनापती, लढाया, देवांच्या मिरवणुका सगळीकडे दिसतात. एका व्यापारी घराचा रोजचा धंदा इतक्या तपशिलात कोरलेला फार थोड्या ठिकाणी राहिला आहे.

तो राहिला कसा? आजूबाजूची अशी कितीतरी स्मारकं फोडून दगड वापरले गेले. नॉयमागेनचं ते जहाजसुद्धा तटाच्या पायात भरणा म्हणून घातलेलं होतं. ईगेलचा स्तंभ मात्र कॉन्स्टंटाइनची आई संत हेलेना हिच्या लग्नाचा आहे असा लोकांचा समज झाला, आणि त्या समजुतीने त्याला हात लागला नाही. १९८६ मध्ये ट्रियरच्या रोमन वास्तूंबरोबर हा स्तंभही जागतिक वारशात गेला.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथे आणखी एक धागा सापडतो. याच रोमन जगातला माल आपल्याकडेही येत होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. ती पाहिलेल्याला सेकुंडिनींच्या गठ्ठ्यांकडे बघताना व्यापाराचं हे जाळं किती लांब पसरलं होतं याचा अंदाज येतो.

ईगेलला तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. ईगेलला स्टेशन आहे, स्थानिक गाडी थांबते. थकला असाल तर इथूनच परत. दुसरी, आणखी चार-पाच किमी पुढे जाऊन झाउअर नदीचा पूल ओलांडायचा, की वासरबिलिश, म्हणजे लक्झेंबर्ग. मार्च २०२० पासून लक्झेंबर्गमध्ये दुसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास फुकट आहे, त्यामुळे तिथून राजधानीपर्यंत जाऊन येणं बिनखर्ची होतं. मात्र ही सवलत त्यांच्या हद्दीपुरती. ट्रियरकडे परतताना जर्मन बाजूचं वेगळं तिकीट लागतं का ते गाडीत बसण्याआधी तपासा. तिसरी वाट मला सर्वांत आवडते: वासरबिलिशहून छोट्या फेरीबोटीने मोझेल ओलांडायची, पलीकडच्या ओबरबिलिशहून उजव्या काठाने कॉन्त्सला यायचं. इथे झार नदी मोझेलला मिळते. संगमाच्या वरच्या बाजूला चर्चशेजारी चौथ्या शतकातल्या शाही उन्हाळी वाड्याच्या भिंती आहेत. सम्राट व्हॅलेंटिनियन पहिला इथे राहत असे. कॉन्त्सला स्टेशन मोठं आहे, गाड्या भरपूर.

दुसऱ्या खेपेसाठी प्रवाहाच्या दिशेचा तुकडा ठेवा. ट्रियर ते श्वाइश साधारण १५ किमी, वाटेत फाल्त्सेल गावात रोमन वाड्याच्या भिंती चर्चमध्ये आणि घरांमध्ये मिसळून गेलेल्या दिसतात. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून असतो, म्हणजे पाठीवर. श्वाइशला स्टेशन आहे. त्यापुढे लाँगुइश आणि मेरिंगला रोमन ग्रामीण वाडे, पीसपोर्टला रोमन काळातला द्राक्षं चिरडायचा हौद, नॉयमागेनला त्या जहाजाची प्रतिकृती. पण मघाशी सांगितलं ते आठवा: या पट्ट्यात रेल्वे नाही. हंगामात सायकलींसाठी ट्रेलर जोडलेल्या बस या खोऱ्यातून धावतात. मोठ्या सायकलींना ट्रेलरवर जागा राखावी लागते. घडी घातलेली सायकल बसमध्ये सामान म्हणून जाते. तरी शेवटच्या बसची वेळ निघण्याआधीच लिहून ठेवा, रविवारी ती लवकर असते.

सायकलींची तयारी. लहान चाकांवर सगळं ओझं छोट्या टायरवर येतं आणि पंक्चर झालं तर गावातल्या दुकानात तुमच्या मापाची ट्यूब मिळेलच असं नाही. तिथे नुसतं "१६ इंच" म्हणून चालत नाही: ब्रॉम्प्टनचं माप ३४९ मिमी आहे, आणि त्याच नावाची लहान मुलांच्या सायकलींची ट्यूब ३०५ ची असते. २० इंचातही ४०६ आणि ४५१ अशी दोन मापं आहेत. टायरच्या कडेला छापलेला आकडा बघा आणि प्रत्येक सायकलीसाठी एक-एक नवी ट्यूब सोबत ठेवा. ब्रॉम्प्टनचं मागचं चाक काढायला १५ नंबरचा पाना लागतो, साध्या घडीच्या अवजारात तो नसतो. घरातून निघताना खिशात आहे ना ते पाहा. निघण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. बिजागरीत किंवा हँडलच्या दांड्यात कट्कट् जाणवली तर खटका घट्ट करून घ्या. ही तपासणी फोल्डिंग सायकलवर रोजची आहे, कारण तिची सगळी ताकद त्या दोन-तीन खटक्यांवर आहे.

दिवे आणि घंटी जर्मनीत कायद्यानेच हवीत. आणि हे द्राक्षांचं खोरं आहे, वाटेवर प्रत्येक गावात बागायतदारांच्या घरी ताज्या वाइनचे पेले मिळतात. सायकलस्वारासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा दर हजारी १.६ आहे, पण चालवणं बिघडलं किंवा अपघात झाला तर ०.३ वरही गुन्हा धरतात. प्यायचीच असेल तर दिवसाच्या शेवटच्या गावात, स्टेशनाजवळ, आणि घडी घातलेली सायकल शेजारी ठेवून.

एप्रिलमध्ये सकाळी दरीत धुकं असतं आणि हातमोजे लागतात. दुपारी ते काढावे लागतात. रविवारी ईगेलसाठी नऊच्या सुमारास निघालात तर स्तंभाच्या पूर्व बाजूवर ऊन असेल. कोरीवकामाच्या कडा तेव्हा सर्वांत स्पष्ट दिसतात.